ओठ न हलवता

तोंड मिटून विचार कसा करायचा, एवढं सोडून त्या पदवीत ताईला सगळं शिकवलं गेलं.

ताई एका वृद्धाश्रमात जेवणाची ट्रॉली फिरवायची. खालच्या स्वयंपाकघरातून ताटं लावून घ्यायची, लिफ्टने वर न्यायची, खोलीखोलीत वाढायची आणि उष्टी भांडी गोळा करून पुन्हा खाली. आजी-आजोबांपासून मेट्रनबाईंपर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजोबांना पातळ सूप गिळता येत नसे. ठसका लागायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि नंतर बिचारे ताईचीच माफी मागायचे. यांना जरा दाट करून द्या, असं ताईने आहारप्रमुख बाईंना किती वेळा सांगितलं! त्या म्हणायच्या, "ताई, तू वाढायचं काम कर. काय वाढायचं ते मी बघते." जिने पोटभर माया करावी, तिला वाटीभर सूप बदलायची सोय नव्हती.

त्या बाई निवृत्त व्हायला आल्या, तेव्हा मेट्रनने ताईला ऑफिसात बोलावलं.

"हे बघ, आहारशास्त्राची पदवी हातात असेल तर ही जागा तुझी. मी शब्द टाकते. पण पदवी नसेल तर बाहेरून माणूस येईल. मग माझ्याकडे रडत येऊ नकोस."

"एकच पेपर राहिलाय मेट्रनबाई."

"मग तो दे आणि ये. आणि हसतेस काय? वाढायला जा, वरचे ओरडतायत."

ताई हसत होती, कारण पेपर तिला तोंडपाठ होता. आणि घोडं तिथेच पेंड खाणार होतं.

आता खरं सांगायचं तर ऑनलाइन शिक्षण नसतं, तर ताईला पदवी कशाशी खातात तेही कळलं नसतं. कॉलेज भरायचं दिवसा, आणि दिवसा ती ट्रॉलीमागे. घरी खुब्याचं हाड मोडून चाकाच्या खुर्चीत बसलेल्या सासूबाई. नवरा लिफ्टदुरुस्तीवाला, कुणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलं की याला जेवणावरून उठावं लागायचं. अशा घरातली सून कॉलेजच्या बाकावर जाऊन बसणार कधी? पण विद्यापीठच फोनमध्ये येऊन बसलं. एका कानात सर, दुसरा कान आजी-आजोबांसाठी मोकळा. सर बोलत असताना कुणी हाक मारली, तर सरांना जागच्या जागी थांबवायचं. समजलं नाही तर मागे न्यायचं आणि तेच पुन्हा बोलायला लावायचं. वर्गात बसलेल्या कुठल्या मुलीने एवढ्या मोठ्या सरांना असं राबवून घेतलं असेल? जीवनसत्त्वं शिकवायचे, म्हणून तिने त्यांचं नाव व्हिटॅमिन सर ठेवलं होतं. मायेने शिकवायचे. आजारी माणसाच्या ताटाबद्दल बोलताना त्यांचा आवाज हळू व्हायचा. ताईला वाटायचं, देवाने हा माणूस माझ्यासाठीच बोलता ठेवलाय.

फक्त त्यांना काही विचारता यायचं नाही. एकदा तिने शंका लिहून पाठवली, तर उत्तर आलं, 'आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' त्यानंतर त्या महत्त्वाच्या प्रश्नाचं काय झालं, देवाला ठाऊक. सर बोलतच राहिले, कारण त्यांचं बोलणं आधीच बोलून, रेकॉर्ड करून ठेवलेलं होतं.

मग ताईने स्वतःची वाट काढली. संध्याकाळी घरी आल्यावर कणीक मळता मळता ती दिवसभराचा धडा मोठ्याने म्हणायची. सासूबाई खुर्चीतून ऐकायच्या. सासूबाईंचं उभं आयुष्य देवाच्या गाण्यात गेलेलं. कीर्तनात सुरात कथा सांगणाऱ्यांच्या मागे उभं राहून त्यांनी वर्षानुवर्षं साथ केली होती. त्यांना ते कोरडं पाठांतर सोसवेना.

"अगं, शिव्या दिल्यासारखं काय म्हणतेस ते? जरा चालीत घे."

"आई, हे आहारशास्त्र आहे."

"असू दे की. पोटाचं शास्त्र ना? पोट काय बेसूर असतं?"

आणि खरोखरच चालीत घेतल्यावर ते डोक्यात बसायला लागलं. पित्त कमी पडलं की तेल-तूप पचत नाही, आणि तेलातून जाणारी ए, डी, ई, के ही चार जीवनसत्त्वं अंगी लागत नाहीत, हे पानभर वाचून तिच्या लक्षात राहत नव्हतं. त्याचं असं झालं:

*पित्त अडलं, तेल अडलं,*
*तेल अडलं, चौघं अडली,*
*चौघांमधली के ही थकली,*
*रक्त थांबेना गं बाई, रक्त थांबेना.*

सासूबाईंनी शेवटच्या ओळीला हाताच्या तळव्याने खुर्चीच्या दांडीवर ठेका धरला. पुढे पुढे घरात दुसरं गाणंच उरलं नाही. मूत्रपिंडाचं पथ्य संथ चालीत, मधुमेह जरा उडत्या चालीत. नवरा दाढी करताना यकृत गुणगुणायचा आणि म्हणायचा, "मला कशाला पाठ होतंय हे? मला लिफ्टची वायर लक्षात ठेवायचीय!"

परीक्षा घरूनच होती, कॅमेऱ्यासमोर. सूचना आल्या त्या वाचून नवरा म्हणाला, "परीक्षा आहे की तुरुंग?" खोलीत दुसरं माणूस नको. टेबलावर काही नको. कॅमेऱ्यावरून नजर हटायला नको. सुरुवातीला लॅपटॉप उचलून चारी भिंती दाखवायच्या. घर दीड खोलीचं. दाखवून दाखवून काय दाखवणार?

दुसऱ्या टोकाला कुणी पर्यवेक्षक मुलगी होती. ताई तिला दिसत होती, ती ताईला दिसत नव्हती. "मॅडम, खिडकीजवळ कोण आहे?"

"माझ्या सासूबाई."

"त्यांना बाहेर जावं लागेल."

"त्यांना चालता येत नाही."

"मॅडम, नियम आहे."

"जाते गं बाई, जाते!" सासूबाई लॅपटॉपकडे बघून ओरडल्या. "देव भलं करो तुझं. जेवलीस का?"

नवऱ्याने खुर्ची ढकलत बाहेरच्या बोळात नेली, दार ओढून घेतलं आणि तो कामाला पळाला. शेजारणीला सांगून गेला होता, आईकडे बघ म्हणून.

पेपर उघडला. पहिलाच प्रश्न पाहून ताईच्या जिवात जीव आला. पित्तनलिका अडलेला रुग्ण, त्याला काय उणं पडेल, आहार कसा ठेवाल. हा तर तिचा हुकमी धडा. हळूच गुणगुणत तिने सूर लावला, आणि स्क्रीनवर लाल चौकट आली. *आपले ओठ हलत आहेत. ही पहिली सूचना. तिसऱ्या सूचनेनंतर पेपर बंद होईल.*

ताईने ओठ मिटले. दातांनी आतून धरून ठेवले. पित्त अडलं, तेल अडलं... आणि पुढे काहीच येईना. सूर थांबला तसे शब्दही थांबले. सगळा धडा कुठेतरी होता, दाराआड उभा असल्यासारखा, पण जिभेची कडी काढल्याशिवाय आत येत नव्हता. तिने हात तोंडावर ठेवला. *चेहरा झाकू नका. ही दुसरी सूचना.* घड्याळ वर कोपऱ्यात पळत होतं. कॉलेजच्या हॉलमध्ये एखाद्या बाईंनी जवळ येऊन पाहिलं असतं, या पोरीच्या हातात चिठ्ठी नाही, काही नाही, बिचारी पुटपुटतेय, पुटपुटू दे. आणि पुढे गेल्या असत्या. यंत्राला जवळ येता येत नाही. त्याला फक्त ओठ दिसतात.

आणि तेवढ्यात, बोळातून, खणखणीत आवाजात, दाराच्या फटीतून सरळ आत:

"तेल अडलं, चौघं अडली... चौघांमधली के ही थकली..."

ताईच्या डोक्यात दिवा लागला. बोटं आपोआप चालायला लागली. तिने चारही नावं लिहिली, के सगळ्यांत आधी का कमी पडतं ते लिहिलं, आणि पूर्णविराम देते न देते तोच स्क्रीन काळी झाली. *बाहेरील आवाज, मदतीचा संशय. ही तिसरी सूचना. पेपर बंद करण्यात आला आहे. आपले प्रकरण समितीकडे पाठवले आहे.*

ती दार उघडून बाहेर आली. सासूबाई प्रसन्न बसल्या होत्या.

"झाला पेपर? लवकर झाला की!"

"आई, तुम्ही गात होतात?"

"मग काय तर! आतून 'पित्त अडलं' एवढं ऐकू आलं आणि गुणगुण थांबली. म्हटलं, पोर अडली. आम्ही मागे उभे असायचो ना, तेव्हा कथा सांगणाऱ्याचा शब्द अडला की पुढची ओळ आम्ही उचलायचो. त्याला एकटं पडू द्यायचं नाही, लोकांना खड्डा कळू द्यायचा नाही. तू सुरू केलीस ना मग पुढे?"

ताई दाराच्या चौकटीला टेकली. तिला वाटत होतं, म्हातारी आपल्या नादात गात होती. नादात नव्हती. ऐकत होती, अडलेली जागा बरोब्बर हेरून तिने ओळ दिली होती. आणि ताईने ती घेतली होती.

"आई, त्यांनी पेपर बंद केला. म्हणतात, बाहेरून कुणी उत्तर सांगितलं."

सासूबाईंना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा आधी त्या हसल्या. "मी? मी उत्तर सांगितलं? अगं, मी शाळेत पाटीसुद्धा धड धरली नाही!" मग सुनेचा चेहरा पाहून त्यांचं हसू मावळलं. "माझ्यामुळे झालं का गं?"

"हो, तुमच्यामुळेच!" ताई एवढ्या जोरात ओरडली, की शेजारीण भांडी घासता घासता बाहेर आली. "कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला? इतकी वर्षं राबले, एक दीड तास गप्प बसता आलं नाही तुम्हाला?"

त्या दिवशी सासू-सुनेने एकमेकींकडे पाहिलं नाही.

समितीची बैठक ठरली, तीही ऑनलाइन. ताईने विनवलं होतं, मी येते, समोर बसते, हवं ते विचारा. उत्तर आलं, तशी तरतूद नाही. आदल्या दिवशी नवऱ्याने तिला पढवलं. "हे बघ, त्यांनी पाठवलेलं रेकॉर्डिंग आपण ऐकलं. दाराआडचा आवाज, शब्द कुणाच्या बापाला कळत नाहीयेत. तू एवढंच म्हण, सासूबाई म्हाताऱ्या आहेत, देवाचं गाणं म्हणत होत्या. संपलं. कोण शोधायला येणारेय?"

"मी देवाचं म्हणत नव्हते," सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या.

"आई, तू मध्ये पडू नकोस गं. एकदा पडलीस तेवढं पुरे."

"देवाचं खोटं नाव घेऊन जागा मिळवायची, तर त्या आजोबांच्या घशाखाली ते सूप उतरेल का रे?"

"देव एवढा बारीक हिशेब नाही ठेवत!"

"मग ठेवतो कशाला देव म्हणून?"

मनातून ताई नवऱ्याच्याच बाजूची होती. खोटं म्हणजे केवढं? त्या गाण्यात देव नव्हता असंही कसं म्हणायचं? सासूबाईंच्या प्रत्येक गाण्यात तो असतोच. एवढंसं 'हो' म्हटलं, की आजोबांचं सूप दाट होतं. रात्रभर तिने हेच घोळवलं, आणि सकाळी लॅपटॉप उघडला तेव्हा 'हो' तिच्या जिभेवर तयार होतं.

स्क्रीनवर दोन चौकोन उघडले. एकात समितीच्या अध्यक्ष बाई, चष्मा डोक्यावर. दुसऱ्यातून कुणीतरी विचारलं, "आवाज येतोय का?" व्हिटॅमिन सर! तोच आवाज, पण थकलेला. चेहरा तिने कल्पना केली होती त्यापेक्षा म्हातारा.

"नमस्कार सर! सर, मी तुमची विद्यार्थिनी. तुमचा एकेक धडा..."

"हो का? छान." सर दचकल्यासारखे झाले. "मला तुमच्यापैकी कुणाचे चेहरे माहीत नाहीत हो. मी भिंतीकडे बघून बोलतो, तुम्ही कुठेतरी ऐकता. तुम्ही पहिल्याच आहात, ज्यांनी मला नमस्कार केला."

अध्यक्ष बाईंनी घड्याळ पाहिलं. त्या वाईट नव्हत्या. त्यांच्यामागे असल्या प्रकरणांची रांग लागली होती आणि त्यांच्या आवाजात त्या रांगेचा शीण होता. "हे बघा, ओठांचं आम्ही सोडून देऊ. खूप जणांचे हलतात. प्रश्न त्या आवाजाचा आहे. घरातल्या वडीलधाऱ्या बाई प्रार्थना म्हणत होत्या, असं आम्ही समजायचं का? तसं असेल तर पेपर उरलेल्या वेळासाठी पुन्हा उघडता येईल. आजच."

दार असं सताड उघडलं होतं. ताईने तोंड उघडलं, आणि तिची नजर कोपऱ्यात गेली. सासूबाईंनी डोळे मिटले होते, हात जोडले होते. सुनेने खोटं बोलू नये म्हणून की बोलली तर देवाने पोटात घालावं म्हणून, ते कळायला मार्ग नव्हता. पण त्यांचे ओठ मिटलेले होते. आयुष्यभर देवाचं नाव घेतल्याशिवाय हात न जोडणाऱ्या बाईने ओठ घट्ट मिटून घेतले होते, पुन्हा सुनेचं नुकसान व्हायला नको म्हणून.

जिभेवरचं 'हो' ताईला पुढे ढकलता येईना.

"नाही मॅडम," ती म्हणाली. "तो सरांचा धडा होता."

"धडा?" सर पुढे वाकले. "माझ्या धड्याला चाल कुठून आली?"

"मी लावली सर. पित्तनलिकेचा धडा. सासूबाईंना तो ऐकून ऐकून पाठ झालाय. मी अडले असं वाटून त्यांनी पुढची ओळ दिली. त्यांना नियम माहीत नव्हता. पण मी ती ओळ घेतली, हे खरं आहे."

"म्हणून दाखवा बघू," सर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदाच काहीतरी हललं.

ताईने गळा मोकळा केला आणि सुरुवात केली. मनापासून म्हटलं, अगदी शेवटच्या 'गं बाई'पर्यंत.

"आवाज येत नाहीये," अध्यक्ष बाई म्हणाल्या.

"आता बोलतेय ते येतंय?"

"हे येतंय."

तिने पुन्हा म्हटलं. दोन्ही चेहरे तसेच कोरे.

"नाही हो. नुसते ओठ हलतायत."

कुणी म्यूट केलं नव्हतं, वायर निघाली नव्हती. परीक्षेचं यंत्र बारीकसा आवाजही पकडायचं; बैठकीच्या या यंत्राला मात्र आजूबाजूचा गोंगाट गाळायची सवय लावलेली होती, आणि ताणून धरलेला सूर त्याच्या लेखी गोंगाट होता. बोललं की पलीकडे जायचं, गायलं की गाळलं जायचं. तिसऱ्यांदा ताई जवळजवळ ओरडत गायली. सरांनी हेडफोन कानावर दाबून धरले. त्यांना काही, काही ऐकू आलं नाही.

"त्यांना केंद्रावर बोलवू या," सर म्हणाले. "समोर बसवून तोंडी विचारू. पाच मिनिटांचं काम आहे."

"सर, तरतूद नाही. मी तीन वेळा लिहून दिलंय वर." अध्यक्ष बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "ताई, तुम्ही स्वतःच मान्य केलंय. मला दुसरं काही लिहिता येत नाही. पेपर रद्द. पुढच्या सत्रात पुन्हा बसा. यापेक्षा कमी शिक्षा माझ्या हातात नाही, खरंच नाही."

"मॅडम, पुढच्या सत्रापर्यंत जागा..."

चौकोन मिटले. स्क्रीनवर पाच तारे आले, आणि खाली प्रश्न: *आपला आजचा अनुभव कसा होता?*

ताईने लॅपटॉप असा आपटून बंद केला, की नवरा बोळातून आत धावला. त्याने दोघींकडे पाहिलं आणि काय झालं ते न विचारताच पाण्याचा तांब्या भरला.

जागेवर बाहेरून एक मुलगी आली. चांगली होती, हुशार होती, कॉलेजच्या वर्गात बसून शिकलेली. ताईने तिला पहिल्याच दिवशी कोपऱ्यातल्या आजोबांचं सांगितलं. ती म्हणाली, "हो, बघते," आणि तिने खरंच वहीत टिपून घेतलं. पण तिच्यामागेही हजार कामं लागली होती. सूप अजून पातळच जातं. ताई ट्रॉली भिंतीला लावून आजोबांना चमच्याने, थेंबाथेंबाने पाजत बसते, आणि वरचे ओरडतात.

पुढच्या परीक्षेची तयारी मात्र सुरू झाली आहे. संध्याकाळी ताई समोर कागद घेऊन बसते आणि सासूबाई खुर्ची अगदी जवळ आणून तिच्या तोंडावर नजर रोखतात. धडा मनात म्हणायचा, सूर न लावता, ओठ न हलवता. घरात कसलाही आवाज नसतो. नवरा म्हणतो, लिफ्ट बंद पडल्यावर आतमध्ये असंच वाटतं.

"हलले!" सासूबाई म्हणतात.

"नाही हलले."

"खालचा हलला. मी पाहिला. पुन्हा पहिल्यापासून."

ताई चिडून कागद फेकते, पुन्हा उचलते. पित्त अडलं, तेल अडलं. पुढचं आता येतं, पण एकेक शब्द ओढून काढावा लागतो, हिशेबाच्या आकड्यासारखा, आणि आला तरी त्याचा आनंद होत नाही. ती डोळे मिटते. तेल अडलं... तेल अडलं...

ती अडली आहे हे सासूबाईंना कळतं. पुढची ओळ त्यांच्या गळ्यापर्यंत येते. म्हातारी पदर तोंडात कोंबते आणि सुनेला एकटीला शोधू देते.